हात वेगळे, चेहरा वेगळा

दाढीवाला नोकरी सोडून गेला त्या दिवशी स्टुडिओत केक कापला, आणि वहिनीने सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खुर्चीत बसून तिने त्याचा कॉम्प्युटर उघडला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो काम सगळं इथेच ठेवून गेलाय, पण कुठे काय आहे ते मात्र डोक्यात घालून बरोबर घेऊन गेलाय.

स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वरच्या टेबलांवरचे कप थरथरायचे. काम मात्र नाव घेण्यासारखं होतं. कर्णबधिर मुलांसाठी विज्ञानाचे धडे. पडद्यावर एक माणूस उभा राहायचा आणि खुणांच्या भाषेत शिकवायचा. हा माणूस खरा नव्हता. सॉफ्टवेअरमधला तयार पुतळा होता. त्याची मान, खांदे, कोपर, बोटं, सगळं हवं तसं वळवून उभं करायचं, ही एक ठेवण झाली, मग पुढची ठेवण द्यायची, आणि एका ठेवणीतून दुसरीत जायची हालचाल सॉफ्टवेअर आपली आपण भरून काढायचं. खऱ्या शिक्षकाचा व्हिडिओ काढला तर एक शब्द बदलायलाही त्याला पुन्हा उभं करावं लागतं. पुतळ्याला कंटाळा येत नाही, आणि मुलांना अंगठा कुठे टेकतोय ते बाजूने बघायचं असेल तर कॅमेरा फिरवला की झालं.

वहिनी तिथे मागची चित्रं रंगवायची. प्रयोगशाळेची भिंत, फळा, खिडकी. तिला सगळे वहिनी म्हणायचे याचं कारण तिची नणंद. नणंद जन्मापासून ऐकू न येणारी, कर्णबधिर शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि धडे तपासायला दर आठवड्याला स्टुडिओत येणारी. ती आली की दारातूनच हातांनी ‘वहिनी’ अशी खूण करायची. स्टुडिओतल्या लोकांना खुणांच्या भाषेतला तेवढा एकच शब्द पक्का पाठ झाला, आणि तेच नाव पडलं. मालकीणबाईसुद्धा, वयाने आईएवढ्या असून, वहिनीच म्हणायच्या.

पुतळा हलवायचं काम करणाऱ्या दाढीवाल्याची जागा भरायला कुणी मिळेना, तेव्हा मालकीणबाईंनी वहिनीला सांगितलं की अर्धा धडा झालाय, उरलेला तू जोड. हालचाली सगळ्या तयार आहेत, नुसत्या एकापुढे एक लावायच्या. वहिनीला ते ऐकायला सोपं वाटलं.

फोल्डर एकच होता आणि त्यात सगळं होतं. नावं म्हणजे ‘पाणी’, ‘पाणी नवीन’, ‘पाणी फायनल’, ‘पाणी खरंच फायनल’. तिने खोली सजवली, पुतळा उभा केला, आणि त्याच्या हाताने पाण्याची खूण करावी म्हणून ‘पाणी फायनल’वर क्लिक केलं. तिची सजवलेली खोली गायब झाली आणि तिच्या जागी भलतीच खोली आली, भलत्या उजेडात, आणि त्यात पुतळा हात बांधून उभा. तिने पुन्हा सगळं मांडलं आणि ‘पाणी नवीन’ घेतलं. या वेळी खोली राहिली, पण आहे त्या पुतळ्याच्या पोटात दुसरा पुतळा येऊन उभा राहिला. एकाच चेहऱ्यावर दोन नाकं. तिसऱ्या फाइलने काहीच केलं नाही असं वाटलं, पण थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की सगळी खोली निळी पडलीय. चौथी उघडली तर फाइल सापडत नाही अशी सूचना आली, आणि पुतळा आला तो पांढराफटक, ना डोळे ना ओठ, नुसता पिठाचा. वहिनीने कपाळावर हात मारला. शेवटी तिने दाढीवाल्याला फोन केला. तो चांगला बोलला, पण इतकंच म्हणाला की उघडून बघायचं, कळतं.

कसाबसा तो धडा जोडून झाला आणि नणंदेने तो वर्गात नेला. वहिनीही सुट्टी घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसली.

मुलांनी धडा पाहिला. पहिली दोन-तीन वाक्यं शांतपणे पाहिली, मग एकमेकांकडे बघायला लागली. एका मुलीने उठून फळ्याजवळ जाऊन पुतळ्याची नक्कल केली. हात सगळे बरोबर, आणि चेहरा असा, जणू कुणी गालांना इस्त्री केलीय. वर्ग खो खो हसला. वहिनीलाही हसू आलं, पण मग ती मुलगी नणंदेला विचारायला लागली, की हा बाबा सांगतोय का विचारतोय.

घरी येताना नणंदेने ते समजावून सांगितलं. खुणांच्या भाषेत ‘बर्फ वितळला’ आणि ‘बर्फ वितळला का’ यांत हात तेच असतात. फरक भुवयांत असतो. भुवया वर गेल्या की प्रश्न. तुमचा पुतळा अख्खा धडा भुवया न हलवता बोलतो, त्यामुळे त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न मुलांना उत्तरच वाटतं. आणि त्याचा चेहरा हलवावा म्हटलं तरी तो जुना पुतळा, त्याच्या चेहऱ्याला हलण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

शाळेच्या मुख्याध्यापिकेने तेच लेखी कळवलं. पुतळा बदला. चेहरा बोलका हवा, बाई असेल तर उत्तम. नाहीतर धडे नकोत.

मालकीणबाईंनी ते पत्र वाचून चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाल्या की पुतळा बदलायचा म्हणजे झालेले सगळे धडे मुळापासून पुन्हा, प्रत्येक बोट पुन्हा. दाढीवाला असता तरी त्याला ते जमलं नसतं. आपण हे काम शाळेला परत देऊन टाकू आणि पुन्हा जाहिरातींकडे वळू. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. वहिनीला त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिने घाई करू नका एवढंच सांगितलं आणि जागेवर येऊन बसली. काय करायचं ते तिला अजिबात माहीत नव्हतं. रिकामं बसवेना म्हणून ती फायली एकेक करून उघडत राहिली, आणि त्यातली एक चुकून साध्या लिहायच्या प्रोग्राममध्ये उघडली गेली. पडद्यावर चित्र आलं नाही, ओळीच्या ओळी आल्या. ती बंद करणार होती, इतक्यात तिला एका ओळीत ‘अंगठा’ या अर्थाचा शब्द दिसला.

ती वाचायला लागली. उजवा अंगठा, पहिलं पेर, आणि पुढे आकडा. दुसरं पेर, आकडा. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, प्रत्येक पेर आणि त्यापुढे ते किती वाकवायचं, किती फिरवायचं. इतकंच. फाइल संपली. त्यात हात नव्हताच. हात कसा वाकवायचा एवढंच होतं.

वहिनीने दुसरी फाइल तशीच उघडली. ही लांबलचक निघाली. सांगाड्यातली हाडं, कुठलं हाड कुठल्या हाडाला जोडलेलं, आणि एका ओळीत लिहिलेलं की या शरीराचा आकार अमुक फोल्डरमधल्या अमुक फाइलमध्ये आहे. म्हणजे इथेही शरीर नव्हतं, शरीराचा पत्ता होता. कातडीचा रंग, डोळे, ओठ ही चित्रं आणखी तिसरीकडे, त्यांचाही इथे नुसता पत्ता. दाढीवाल्याने कधीतरी फोल्डर हलवले असणार, म्हणून पत्ता चुकला होता आणि पुतळा पिठाचा दिसत होता. तिसऱ्या फाइलमध्ये नुसते दिवे होते. चौथीत खोली, पुतळा, दिवे, कॅमेरा, हालचाली, सगळा पसारा एकत्र. ही अख्ख्या प्रसंगाची फाइल. हिच्यावर क्लिक केलं की आधीचं सगळं पुसून ही येऊन बसणार, हे उघडच होतं.

मग तिने फायलींच्या नावांचा शेवट बघितला. ठिपक्यानंतरची ती दोन-तीन अक्षरं, जी तिने आजवर पत्त्यातल्या पिनकोडसारखी नजरेआड केली होती, ती प्रत्येक जातीची वेगळी होती. हाताच्या ठेवणीची एक, चेहऱ्याची एक, अख्ख्या अंगाची एक, पुतळ्याची, वस्तूंची, दिव्यांची, कॅमेऱ्याची, प्रसंगाची. दाढीवाल्याने दिलेली नावं काहीही सांगत नव्हती, पण शेवटची अक्षरं खोटं बोलत नव्हती. ती उठून उभी राहिली आणि उगाचच खिडकीपर्यंत जाऊन परत आली.

घरी जाऊन तिने जेवायच्या टेबलावरच नणंदेला हे सगळं सांगितलं. वहिनीच्या खुणा लग्नानंतर शिकलेल्या, त्यामुळे उत्साहात आली की तिचे शब्द एकमेकांच्या पायात पाय घालायचे. नणंदेने तिला दोनदा थांबवून पहिल्यापासून सांगायला लावलं. वहिनीचा नवरा, म्हणजे नणंदेचा मोठा भाऊ, मध्ये बसून दोघींच्या हातांखालून आपलं ताट सांभाळत होता.

“म्हणजे हात वेगळा ठेवता येतो?” नणंदेने विचारलं. “आणि चेहरा वेगळा?”

“येतो. अंगही वेगळं. ठेवणीत शरीर नसतंच. ती कुठल्याही पुतळ्याला घालता येईल.”

नणंदेने पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. मग तिने हळूच सांगितलं, “आमची भाषा अशीच आहे. हाताचा आकार वेगळा, तो कुठे धरायचा ते वेगळं, चेहरा वेगळा. यातलं एक बदललं की अर्थ बदलतो. तुमचा दाढीवाला शब्द जपायच्या ऐवजी अख्खी वाक्यंच डब्यात बंद करून ठेवत होता. एक शब्द हवा असेल तर सगळं वाक्य बाहेर काढायचं.”

“तर मग आपण शब्द सुटे करू.”

नणंदेने मान हलवली, पण होकाराची नाही. “दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी ऐकू येणारं माणूस शाळेत येतं, असंच काहीतरी सांगतं, मुलांबरोबर फोटो काढतं आणि जातं. मुलं मला विचारत राहतात.”

“मी कुठे जाणार आहे?” वहिनी म्हणाली. “मी नाही केलं तर रोज याच टेबलावर तुझ्यासमोर बसून जेवायचंय मला.”

यावर नणंद हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर स्टुडिओत यायला लागली.

मालकीणबाईंना समजावणं त्या मानाने सोपं गेलं. वहिनीने त्यांच्यासमोर जुन्या पुतळ्याच्या हाताची एक ठेवण घेतली आणि एका नव्या, अजून कपडेही न घातलेल्या बाईच्या पुतळ्याला दिली. बाईने हात उचलला आणि पाण्याची खूण केली. मालकीणबाईंनी ते आणखी एकदा करायला लावलं. मग त्यांनी काम परत द्यायचा विषय सोडला आणि परिषदेची तारीख सांगितली. सगळ्या कर्णबधिर शाळांच्या संघाची वार्षिक परिषद होती, आणि मुख्याध्यापिका म्हणत होत्या की पुतळा बदलला तर धडे तिथेच दाखवा. संघाने घेतले तर सगळीकडे जातील.

आवरायला घेतलं तेव्हा दोघींच्या नाकी नऊ आले. वहिनी आधी नुसत्या अक्षरांवरून फायली वेगळ्या करायची. हात इकडे, चेहरे तिकडे, दिवे, वस्तू, पुतळे. पण सगळ्यात जास्त काम अख्ख्या प्रसंगांच्या फायलींत अडकलेलं होतं, आणि ते हाताने सोडवावं लागत होतं. प्रसंग उघडायचा, हव्या त्या क्षणाला थांबवायचा, त्यातला फक्त हात निवडून वेगळा साठवायचा. तो शब्द कुठला हे वहिनीला ओळखता यायचं नाही. तिथे नणंद लागायची. ती पडद्याकडे बघून एका क्षणात सांगायची. कधी सांगायची की हा शब्दच नाही, हा दाढीवाल्याच्या बोटांचा गुंता आहे, फेकून दे.

नावांवरून दोघींचं चांगलंच वाजलं. वहिनीचं म्हणणं होतं की धड्याप्रमाणे फोल्डर करू, पाण्याचा, उष्णतेचा, चुंबकाचा. नणंदेला ते मुळीच पटेना. मूठ ही मूठ असते, ती पाण्यात असो की चुंबकात, असं तिचं म्हणणं. हाताच्या आकाराप्रमाणे लावा. मूठ, उघडा पंजा, एक बोट, दोन बोटं, चिमूट. वहिनी दोन दिवस अडून बसली. मग नणंदेने तिला दाखवलं की तिने जपून ठेवलेल्या ‘पाणी’, ‘वारा’ आणि ‘वाहणे’ या तिन्ही फायलींत हाताचा आकार एकच आहे, फरक फक्त हात कुठून कुठे जातो याचा. वहिनीने फायलीतले आकडे पडताळून पाहिले. खरंच तेच होते. एवढा मोठा ढिगारा मोजक्या आकारांवर आला. ती उठून नणंदेसाठी चहा घेऊन आली, आणि नणंदेनेही विषय वाढवला नाही.

चेहऱ्यांचं काम पूर्णपणे नवं होतं. जुन्या पुतळ्याला चेहरा नव्हताच म्हणायचा. नणंद आरसा घेऊन बसायची आणि तोंडं करायची, वहिनी नव्या बाईच्या भुवया, गाल, ओठ सरकवत तशी तोंडं करायची. प्रश्न. शंका. खात्री. मोठं, छोटं, खूप छोटं. आम्लाच्या धड्यासाठी ‘आंबट’ केलं तेव्हा नणंदेने असं काही तोंड वाकडं केलं की चहावाली दारातच थबकली आणि चहा बिघडलाय का विचारू लागली.

मग ठेच लागली. सगळे हात नव्या बाईला द्यायला घेतले तेव्हा पाणी आणि वारा नीट गेले, पण मुठीचे सगळे शब्द बिघडले. अंगठा तळहाताच्या आरपार जायचा. कितीतरी धडे, प्रत्येकात कितीतरी मुठी. मालकीणबाईंचा चेहरा पडला. वहिनीच्याही तोंडचं पाणी पळालं. तिने पुन्हा ती फाइल साध्या अक्षरांत उघडली आणि दोन्ही पुतळ्यांची हाडं शेजारी शेजारी ठेवून वाचली. जुन्या पुतळ्याचा अंगठा सरळ ठेवून बनवलेला होता, नव्या बाईचा आधीच थोडा आत झुकलेला. त्यामुळे तितकाच आकडा दिला की नवीचा अंगठा जास्त वळायचा. चूक ठेवणीत नव्हती, सुरुवातीत होती.

आणि मग तिला कळलं की याला घाबरायचं कारणच नाही. सगळ्या धड्यांतल्या मुठी दुरुस्त करायच्या नाहीत. मूठ एकच आहे, एकाच फाइलमध्ये, मुठीच्या फोल्डरमध्ये. ती एकदा नीट केली, चिमटीची एक नीट केली, आणखी अंगठ्याच्या दोन-चार, की मग धडा जोडताना दुरुस्त केलेलीच मूठ उचलायची. तिने ते करून दाखवलं. ज्या धड्याला दाढीवाल्याचे दोन आठवडे गेले होते, तो तिने नव्या बाईवर एका दुपारी जोडला. भुवयांसकट. मालकीणबाई खाली जाऊन टायरवाल्याला घेऊन आल्या. त्याला धड्यातलं काही कळलं नाही, पण त्यांना कुणालातरी दाखवायचंच होतं.

आणखी एक गंमत नणंदेनेच शोधली. ती डावखुरी. लहानपणापासून तिला चित्रांतले हात मनातल्या मनात उलटे करून वाचावे लागायचे. हाताची ठेवण सुटी साठवलेली असल्यामुळे ती डाव्या हातालाही देता येते का, असं तिने विचारलं. वहिनीने डावा हात निवडला आणि तीच फाइल दिली. डाव्या हाताने मूठ वळली, आरशातल्यासारखी अचूक. नणंद पडद्याजवळ गेली आणि आपला डावा हात पडद्यावरच्या बाईच्या हाताशेजारी धरून किती तरी वेळ उभी राहिली.

परिषदेचं सभागृह मोठं होतं, आणि त्यात जमलेले जवळजवळ सगळे लोक कर्णबधिर होते. वहिनीने एवढं भरलेलं आणि एवढं शांत सभागृह कधी पाहिलं नव्हतं. शांत म्हणजे आवाजाने शांत. हात सगळीकडे चालू होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा.

तिथल्या कॉम्प्युटरवर फायली उतरवल्या, धडा उघडला, आणि पडद्यावर नवी बाई आली ती पांढरीफटक. डोळे नाहीत, ओठ नाहीत. पुढच्या रांगेतल्या मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. वहिनीने मात्र माऊस सोडला नाही. चित्रं हरवलेली नाहीत, त्यांचा पत्ता बदललाय, कारण कॉम्प्युटर बदललाय. सगळी कातडीची चित्रं आता एकाच फोल्डरमध्ये होती. तिने सॉफ्टवेअरला तो फोल्डर दाखवला. गालांवर रंग आला, मग ओठ, मग डोळे. लोकांना वाटलं कार्यक्रमाची सुरुवातच अशी आहे, आणि काहींनी हात वर करून हलवले. त्यांच्या टाळ्या तशा असतात.

धडा संपला तेव्हा संघाचे अध्यक्ष उठले. मिशा पांढऱ्या, खांदे रुंद, हातात चहाचा कप. आयुष्यभर छापखान्यात काम केलेला माणूस, नणंदेने आधीच बजावलं होतं, सहज खूश होत नाहीत. त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने सावकाश, सगळ्यांना दिसेल असं सांगितलं.

“धडा चांगला आहे. पण तो तुम्ही तयार करून आणलाय. पोपटही पाठ करून बोलतो. आता मी सांगतो ते वाक्य या बाईला बोलता येईल का, इथे, आत्ता?”

नणंदेने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान डोलावली.

अध्यक्षांनी कपातला एक घोट घेतला, तोंड किंचित वाकडं केलं, आणि म्हणाले, “उजव्या हातात कप. डाव्या हाताने विचारायचं, की हा चहा कुणी केला? आणि चेहरा असा हवा, की विचारणारीला उत्तर नकोच आहे.”

सभागृहात हसू पसरलं. सगळ्यांनी तोच चहा प्यायला होता.

वहिनीने माऊस हातात घेतला. तिचं डोकं लख्ख होतं. तिला एखाद्या आवरलेल्या स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं वाटत होतं, जिथे हात न बघता डब्यावर पडतो. आधी अंग, उभं राहून किंचित पुढे झुकलेलं. मग वस्तूंचा फोल्डर. कप नव्हता. विज्ञानाच्या धड्यांत कप कुठून येणार? तिने प्रयोगशाळेतलं काचेचं चंचुपात्र उचललं, आणि उजव्या हाताला ते धरायची पकड दिली. प्रेक्षकांत पुन्हा हसू. चंचुपात्रातला चहा सगळ्यांना पटला. मग डावा हात. चहाचा शब्द तिच्याकडे नव्हता. तिने नणंदेकडे पाहिलं, नणंदेने हवेत नुसता आकार दाखवला, चिमूट, आणि ती ओठांपाशी. वहिनीने चिमटीची फाइल डाव्या हाताला दिली आणि कोपर वळवून हात तोंडाजवळ नेला. ‘करणे’ होता. ‘कोण’ होता. त्यांना एकापुढे एक बसवलं.

राहिला चेहरा. तिने चेहऱ्यांचा फोल्डर उघडला, प्रश्नावर बोट नेलं, थांबली, आणि त्याऐवजी आम्लाच्या धड्यातला ‘आंबट’ घेतला. मग त्या आंबट चेहऱ्याच्या भुवया प्रश्नासारख्या केल्या. मागे वळून नणंदेकडे बघितलं. नणंदेने दोन बोटांनी ‘थोडं’ अशी खूण केली. वहिनीने ओठांचा एक कोपरा आणखी थोडा खाली ओढला.

पडद्यावरची बाई पुढे झुकली. चंचुपात्र छातीशी धरून, डाव्या हाताने, शब्द न् शब्द स्वच्छ, तिने विचारलं, की हा चहा कुणी केला?

पहिल्यांदा अध्यक्ष हसले. कप खाली ठेवायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही, चहा बाहीवर सांडला. मग सगळं सभागृह. मागच्या दाराशी उभी असलेली चहाची बाई, जिला ऐकू येत होतं पण खुणा कळत नव्हत्या, तिला कुणीतरी अर्थ सांगितला आणि तीही पदर तोंडाला लावून हसायला लागली. आणि मग शेकडो हात वर गेले आणि पंजे हलू लागले, रांगांमागून रांगा. वहिनीने आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या होत्या. अशा, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या, तिच्यासाठी कुणी कधी वाजवल्या नव्हत्या. तिने परत हात वर करायला हवे होते, पण ते तिला सुचलं नाही. नणंदेने तिचं मनगट धरून वर केलं.

अध्यक्षांनी बाही झटकत विचारलं की त्यांच्या भागात ‘चहा’ला वेगळी खूण आहे, तीसुद्धा ठेवता येईल का. नणंदेने सांगितलं की त्याला धडा बदलायची गरज नाही, एक नवी फाइल केली की झालं, दोन्ही शब्द शेजारी राहतील. अध्यक्षांनी कप शेवटी खाली ठेवला. मग म्हणाले की आजवर ज्यांनी ज्यांनी पुस्तकं आणली, त्यांनी एकच खूण बरोबर आणि बाकीच्या चूक असं सांगितलं. शेजारी राहतील असं सांगणारं हे पहिलंच.

संघाने धडे घेतले. सगळ्या शाळांसाठी. विज्ञान झालं की गणित, गणित झालं की भूगोल. मालकीणबाईंनी तिथेच वहिनीला सांगितलं की आता या कामाची प्रमुख तू, आणि नणंदेला विचारलं की शाळा सांभाळून आठवड्यातून काही दिवस यायला जमेल का, पाहुणी म्हणून नाही, हक्काच्या खुर्चीवर. नणंदेने मुख्याध्यापिकेकडे पाहिलं. मुख्याध्यापिका आधीच मान हलवत होत्या.

परतीची बस खचाखच भरलेली होती. नणंदेला पुढे ड्रायव्हरमागे जागा मिळाली, वहिनी मागच्या दाराजवळ दांड्याला धरून उभी राहिली. मध्ये पिशव्या, डोकी, खांदे. दुसरं कुणी असतं तर घरी पोचेपर्यंत गप्प बसावं लागलं असतं. नणंद सीटवर उलटी वळून गुडघ्यांवर बसली, आणि सगळ्या डोक्यांवरून तिने विचारलं की भूगोलात नदी दाखवायची तर ती एका हाताने का दोन्ही. वहिनीने दांडा सोडून दोन्ही हातांनी उत्तर दिलं. बस वळली, ती शेजारच्या आजोबांच्या अंगावर कलंडली, माफी मागून सावरली, आणि पुन्हा हात वर करून म्हणाली की डोंगरातून येताना एका, आणि मैदानात आली की दोन्ही.